विश्लेषण : नैराश्याला गुण देणारी १७ प्रश्नांची फूटपट्टी... कोण होते मॅक्स हॅमिल्टन?

ताप आला की थर्मामीटर आहे, साखर वाढली की रक्ताची चाचणी आहे. पण मन खचलं असेल तर ते किती खचलंय आणि औषधाने कितपत सावरलंय, हे डॉक्टर कशावरून ठरवतात? जगभरातल्या औषध चाचण्यांमध्ये या प्रश्नाचं उत्तर गेली ६० हून अधिक वर्षं प्रामुख्याने एकाच तक्त्यावरून दिलं जातंय. त्याचं नाव हॅमिल्टन रेटिंग स्केल, डॉक्टरांच्या भाषेत ‘हॅम-डी’. डिप्रेशनवरची जी औषधं आज मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात, त्यातली बरीचशी कधी ना कधी या तक्त्याच्या परीक्षेला बसलेली आहेत. हा तक्ता तयार करणारे मॅक्स हॅमिल्टन नेमके कोण होते, त्यांनी मन ‘मोजण्याचा’ उद्योग का केला आणि त्यावरून आजही वाद का सुरू आहे, ते समजून घेऊ.

जर्मनीत जन्म, लंडनमध्ये शिक्षण

हॅमिल्टन यांचा जन्म १९१२ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टजवळच्या ऑफेनबाख इथे झाला. लहानपणीच ते कुटुंबासोबत इंग्लंडला आले आणि लंडनमध्ये वाढले. वैद्यकीय शिक्षण त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये घेतलं. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात, म्हणजे रॉयल एअर फोर्समध्ये वैद्यकीय अधिकारी होते.

युद्धानंतर ते मानसोपचाराकडे वळले. त्या काळी या विषयाची ब्रिटनमधली पंढरी म्हणजे लंडनचं मॉडस्ले हॉस्पिटल. हॅमिल्टन तिथे गेले खरे, पण तिथले सर्वेसर्वा ऑब्री लुईस यांच्याशी त्यांचं फारसं जमलं नाही. त्यांच्या आयुष्याला खरं वळण मिळालं ते युनिव्हर्सिटी कॉलेजात परतल्यावर. तिथे त्यांचा संबंध आला सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाशी आणि त्यांच्यामार्फत संख्याशास्त्राशी. (बुद्ध्यांक आनुवंशिक असतो हे दाखवणाऱ्या बर्ट यांच्या आकडेवारीवर त्यांच्या मृत्यूनंतर बनावटपणाचे गंभीर आरोप झाले, तो वेगळाच विषय आहे.)

बुद्धिमत्ता मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी तोवर ‘फॅक्टर अ‍ॅनालिसिस’ नावाचं गणिती तंत्र विकसित केलं होतं. एखाद्या विद्यार्थ्याचे १० विषयांतले गुण घेतले, तर त्यातले कोणते विषय एकमेकांबरोबर वर-खाली होतात ते पाहायचं आणि त्यामागे दडलेल्या मोजक्या गोष्टी शोधायच्या, असं हे तंत्र. इंजिनीअरिंगला ज्यांनी मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू घोकल्या आहेत, त्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. हॅमिल्टन यांनी हेच तंत्र विद्यार्थ्यांऐवजी रुग्णांना आणि विषयांऐवजी लक्षणांना लावायचं ठरवलं.

मोजण्याची गरज अचानक का पडली?

१९५३ मध्ये हॅमिल्टन लीड्स विद्यापीठात संशोधक म्हणून रुजू झाले. याच दशकात मानसोपचाराच्या जगात उलथापालथ होत होती. १९५२ पासून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना क्लोरप्रोमझिन हे औषध दिलं जाऊ लागलं. क्षयरोगासाठी वापरात आलेल्या आयप्रोनियाझिडमुळे रुग्णांची मनःस्थिती सुधारते, असं लक्षात आलं. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडचे रोलंड कुन यांनी इमिप्रामिन नैराश्यावर चालतं, असं जाहीर केलं.

औषधं तर आली. ती चालतात हे सिद्ध कसं करायचं? तोवर केसपेपरवर ‘सुधारणा आहे’, ‘बरीच सुधारणा आहे’, ‘जैसे थे’ असे शेरे असायचे. एका डॉक्टरची ‘बरीच सुधारणा’ दुसऱ्याची ‘थोडीशी’ असू शकते. क्षयरोगात निदान एक्स-रे तरी समोर ठेवता येतो. नैराश्याचा एक्स-रे निघत नाही. ५० रुग्णांना औषध आणि ५० जणांना साधी साखरेची गोळी दिली आणि शेवटी हाती नुसते शेरे आले, तर त्यातून निष्कर्ष काढणार कसा?

हॅमिल्टन यांनी आधी चिंतेसाठी, म्हणजे अँग्झायटीसाठी तक्ता केला. तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज १४ मुद्द्यांच्या स्वरूपात तो ‘हॅम-ए’ म्हणून वापरात आहे. पाठोपाठ १९६० मध्ये नैराश्याचा तक्ता एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. सुरुवातीचा अभ्यास होता अवघ्या ४९ पुरुष रुग्णांचा. १९६७ च्या पुढच्या शोधनिबंधात स्त्रियांचाही समावेश झाला.

तक्त्यात नेमकं काय विचारलं जातं?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा तक्ता रुग्णाने भरायचा नसतो. डॉक्टरने रुग्णाशी किमान अर्धा तास बोलायचं आणि मग स्वतः गुण द्यायचे. उदास वाटणं, अपराधी वाटणं, आत्महत्येचे विचार, कामातला रस, हालचाली आणि विचार मंदावणं, अस्वस्थ येरझाऱ्या, मनातली चिंता, चिंतेमुळे होणारी धडधड किंवा पोटात कालवाकालव, भूक, थकवा, लैंगिक इच्छा, आपल्याला मोठा आजार झालाय ही धास्ती, वजन घटणं, आपण आजारी आहोत याची जाणीव. झोपेचे तर तीन वेगळे मुद्दे आहेत : लवकर झोप न लागणं, मध्यरात्री जाग येणं आणि पहाटेच डोळे उघडणं. असे एकूण १७. (आत्महत्येचा मुद्दा तक्त्यात स्वतंत्र आहे तो उगाच नाही. असे विचार येत असतील तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.)

काही मुद्द्यांना ० ते ४ गुण, तर काहींना फक्त ० ते २. हा फरक का? जिथे सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या करता येतात तिथे ४ पर्यंत. जिथे ‘नाही’, ‘असावं बहुतेक’ आणि ‘नक्की आहे’ यापलीकडे सांगता येत नाही, तिथे २ वर थांबायचं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ‘लीस्ट काउंट’ हा शब्द डोक्यात बसेपर्यंत ऐकलेला असतो. उपकरणाला जेवढं दिसतं त्यापेक्षा बारीक वाचन लिहायचं नाही. हॅमिल्टन यांनी तोच नियम माणसाच्या मनाला लावला होता, आणि मला त्यांच्या कामातली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोजणारा डॉक्टरही माणूसच, मग त्याची चूक कशी पकडायची? हॅमिल्टन यांचा सल्ला होता की एकाच मुलाखतीला दोन डॉक्टरांनी बसावं, एकमेकांचे गुण न बघता आपापले द्यावेत आणि मग दोघांची बेरीज करावी. एकच डॉक्टर असेल तर गुण दुप्पट करावेत. त्यांच्या मूळ अभ्यासात दोन डॉक्टरांच्या गुणांमधला सहसंबंध ०.९० च्या आसपास होता. हा आकडा १ असता तर दोघांचे गुण अगदी तंतोतंत सोबत चढले-उतरले असते. माणसाच्या दुःखाबद्दल दोन माणसांचं इतकं एकमत होऊ शकतं, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडणारं नव्हतं.

आज मात्र बहुतेक ठिकाणी एकच जण गुण देतो. प्रचलित आवृत्तीत कमाल गुण ५२ आहेत. ७ किंवा त्याहून कमी म्हणजे आजार ओसरला, आणि सुरुवातीच्या गुणांत निम्मी घट म्हणजे औषध लागू पडलं, असे ढोबळ संकेत रूढ आहेत.

निदानासाठी वापरू नका, असं का सांगितलं?

ज्याचं निदान आधीच नैराश्य असं झालंय, त्याच्याच आजाराची तीव्रता मोजण्यासाठी हा तक्ता आहे, हे हॅमिल्टन यांनी पहिल्याच शोधनिबंधात स्पष्ट केलं होतं. कारण सोपं आहे. झोप उडणं, वजन घटणं, थकवा ही लक्षणं थायरॉइडच्या त्रासातही दिसतात आणि घरात कोणी गेल्यावरही. बेरीज २० आली म्हणून नैराश्य आहे, असं उलटं गणित मांडता येत नाही. थर्मामीटर ताप किती ते सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते नाही.

हल्ली समाजमाध्यमांवर ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का, १० प्रश्नांत ओळखा’ अशा चाचण्यांचा सुळसुळाट आहे. त्या बघितल्या की हा इशारा किती जणांपर्यंत पोहोचलाय याचा अंदाज येतो.

तक्ता गाजला, पुढे काय?

१९६३ मध्ये हॅमिल्टन लीड्सला मानसोपचाराचे प्राध्यापक झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी ही मानसशास्त्रज्ञांची संघटना. तिचं अध्यक्षपद त्यांच्यासारख्या डॉक्टरकडे आलं, यावरून दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल किती आदर होता ते कळतं. हा तक्ता वापरायला पैसे मोजावे लागत नाहीत, तो सगळ्यांसाठी खुला आहे. तो सगळीकडे पसरण्यामागे हेही एक कारण आहे. १९८८ मध्ये हॅमिल्टन यांचं निधन झालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारात ‘प्रोझॅक’ ही गोळी आली आणि नैराश्याच्या औषधांचा धंदा अब्जावधी डॉलरांचा होत गेला. त्यामुळे या तक्त्यातल्या एकेका गुणाला भाव आला.

मग वाद कशावरून आहे?

२००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी चार औषधांच्या चाचण्यांची अमेरिकेच्या औषध नियामकाकडे जमा झालेली आकडेवारी एकत्र केली. त्यात कंपन्यांनी प्रसिद्ध न केलेल्या चाचण्याही होत्या. निष्कर्ष असा की खरी गोळी आणि साखरेची गोळी यांच्यात हॅमिल्टन तक्त्यावर सरासरी फक्त १.८ गुणांचा फरक होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तेव्हा किमान ३ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला होता. ‘डिप्रेशनच्या गोळ्या निरुपयोगी’ अशा बातम्या जगभर झळकल्या.

पण १.८ गुण म्हणजे नेमकं काय? तक्ता पुन्हा बघा. नुसत्या झोपेच्या तीन मुद्द्यांचे मिळून ६ गुण होतात. म्हणजे गुंगी आणणारी गोळी मन तसूभरही न बदलता गुण खाली आणू शकते. याउलट काही नव्या गोळ्यांनी सुरुवातीला पोट बिघडतं, भूक मरते, लैंगिक इच्छा कमी होते. ते दुष्परिणाम याच तक्त्यात ‘लक्षणं’ म्हणून मोजले जातात आणि मन सावरलं तरी बेरीज तितकीशी उतरत नाही. शिवाय नैराश्यात काही जण जास्त झोपतात, जास्त खातात. त्यांच्यासाठी मूळ १७ मध्ये जागाच नाही.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हाच धागा पकडला. ‘एसएसआरआय’ गटातल्या औषधांच्या चाचण्यांमधल्या ३२ तुलना त्यांनी तपासल्या. १७ मुद्द्यांची बेरीज घेतली तर १८ तुलनांमध्ये औषध साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. फक्त ‘उदास वाटणं’ हा एकच मुद्दा घेतला, तर अशा तुलना उरल्या फक्त ३. रुग्ण तेच, गोळी तीच. फूटपट्टी बदलली आणि निकाल फिरला. (हे वाचून सुरू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. एकदम थांबवल्यास त्रास होऊ शकतो. डॉक्टरांशी बोला.)

डेन्मार्कचे पेर बेक यांनी १९७० च्या दशकातच १७ पैकी ६ मुद्देच पुरेसे आहेत, असं मांडलं होतं. १९७९ मध्ये औषधाने होणारा बदल अधिक चांगला टिपणारा माँटगोमेरी-आसबर्ग तक्ता आला. रुग्णाने स्वतः भरायचा बेक तक्ता १९६१ पासून आहे. ते आरोन बेक अमेरिकेचे, पेर बेक यांच्याशी त्यांची गल्लत नको. तरीही चाचण्यांमध्ये हॅमिल्टन टिकून राहिला. जुन्या औषधांची मोजमापं त्याच पट्टीने झालेली असल्याने तुलना करायची तर पट्टी बदलणं अवघड जातं.

रोजच्या उपचारात उपयोग होतो का?

होतो, आणि खरंतर तिथेच जास्त होतो. २०१५ मध्ये चीनमधल्या एका चाचणीत १२० रुग्णांचे दोन गट केले गेले. औषधं दोन्हीकडे तीच दोन. एका गटात डॉक्टर नेहमीसारखे आपल्या अंदाजाने डोस ठरवत होते. दुसऱ्या गटात ठरावीक काळाने तक्ता भरून, गुण बघून डोस बदलला जात होता. शेवटी मोजमाप हॅमिल्टन तक्त्याने झालं आणि मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं. नेहमीच्या गटात २८.८ टक्के रुग्णांचा आजार ओसरला, गुण बघून उपचार झालेल्या गटात ७३.८ टक्के. औषधांच्या दुकानात नवं काहीही न येता पडलेला हा फरक आहे.

आपल्याकडे गोव्यात याच वाटेने जाणारं काम झालंय. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्यांना ‘पीएचक्यू-९’ हा ९ प्रश्नांचा तक्ता विचारून मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडले गेले. त्यातल्या निम्म्यांशी मानसोपचाराची पदवी नसलेले, पण खास प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक काही बैठकांमध्ये बोलले. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची ही चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जणांचे गुण १० च्या खाली आले होते, इतरांपैकी ३९ टक्के जणांचे.