विश्लेषण : कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या फॅरेडे यांना नोट्सच्या वहीने प्रयोगशाळेत कसे पोहोचवले?

जनित्र, ट्रान्सफॉर्मर आणि इंडक्शन शेगडी या तिन्हींच्या मुळाशी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम आहे. दहावीच्या विज्ञानात भेटणारा हा नियम शोधणारे मायकेल फॅरेडे कधीच कॉलेजात गेले नाहीत. वाचन, लेखन आणि अंकगणित एवढ्यावर त्यांची शाळा संपली. प्रयोगशाळेचे दार त्यांच्यासाठी उघडले, ते स्वतः लिहिलेल्या आणि स्वतःच बांधलेल्या नोट्सच्या वहीमुळे. ती वही तयार कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

पुस्तके बांधणारा मुलगा वाचू कसा लागला?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करत, पण प्रकृती साथ देत नसे. घरात कायम ओढाताण. तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागले आणि पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांच्या उमेदवारीवर बांधणीकाम शिकू लागले.

बांधणीला आलेली पुस्तके ते काम आटोपल्यावर वाचत. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक त्यांना इथेच सापडले. आयझॅक वॉट्स यांच्या अभ्यासाविषयीच्या पुस्तकाने त्यांना शिस्त लावली. टिपणवही ठेवणे, व्याख्यानांना जाणे, शिकलेले मित्राला पत्रातून सांगणे आणि चर्चागटात बसणे हा सल्ला त्यांनी अक्षरशः अमलात आणला.

नोट्स काढण्याची पद्धत काय होती?

१८१० पासून ते जॉन टॅटम यांच्या विज्ञान व्याख्यानांना जाऊ लागले. एका व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग. ते थोरला भाऊ रॉबर्ट भरत असे. एक शिलिंग वाया जाणे परवडणारे नव्हते, त्यामुळे व्याख्यानातले जास्तीत जास्त पदरात पाडून घेणे भाग होते.

त्यांची पद्धत टप्प्याटप्प्याची होती. व्याख्यान चालू असताना ते फक्त महत्त्वाचे शब्द, प्रयोगांची नावे, पदार्थांची नावे आणि काही छोटी वाक्ये टिपून घेत. घरी परतल्यावर लगेच, ऐकलेले ताजे असतानाच, दुसरे आणि सविस्तर टिपण करत. त्यात तुटक शब्दांची साखळी जुळवली जाई. या दुसऱ्या टिपणाच्या आधारे संपूर्ण व्याख्यान ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढत आणि शेवटी त्याची स्वच्छ प्रत करत. उपकरणांच्या आकृत्या नीट याव्यात म्हणून रिबो यांच्या घरी राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून त्यांनी चित्रकलेचे धडेही घेतले.

एकच व्याख्यान पुन्हा पुन्हा लिहिण्यात सुंदर अक्षराचा हव्यास नव्हता. तुटक शब्दांतून पूर्ण विषय उभा करायला बसले की कुठला दुवा समजला नाही, ते आपोआप उघडे पडते.

वहीमुळे नोकरी कशी मिळाली?

१८१२ मध्ये रिबो यांच्या दुकानातील विल्यम डान्स या ग्राहकाने फॅरेडे यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. वक्ते होते त्या काळचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही. फॅरेडे यांनी ती व्याख्याने आपल्या पद्धतीने लिहून काढली, आकृत्या जोडल्या आणि तीनशेहून अधिक पानांची वही स्वतः बांधली.

दरम्यान उमेदवारी संपली. विज्ञानात काम मिळावे म्हणून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही. मग डिसेंबर १८१२ मध्ये त्यांनी डेव्ही यांना पत्र आणि सोबत ती वही पाठवली. डेव्ही यांनी त्यांना भेटीला बोलावले, पण जागा नव्हती. उलट बांधणीचा धंदा सोडू नये, असेच त्यांनी सुचवले. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील सहायकाला भांडणावरून काढून टाकण्यात आले, तेव्हा डेव्ही यांना फॅरेडे आठवले. १ मार्च १८१३ रोजी ते रुजू झाले.

शास्त्रज्ञ झाल्यावरही वही का सुटली नाही?

१८२२ मध्ये त्यांनी पुढे शोधायच्या प्रश्नांची वेगळी वही सुरू केली. चुंबकत्वापासून वीज मिळवणे हा त्यातील एक प्रश्न. १८२५ मधील प्रयत्न फसले. तेही त्यांनी नोंदवून ठेवले. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांनी उत्तर दिले. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज निर्माण होत होती.

१८३२ पासून त्यांनी प्रयोगांच्या रोजनिशीतील परिच्छेदांना सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली. हा आकडा पुढे १६ हजारांवर गेला. एखाद्या नव्या निरीक्षणाचा जुन्याशी संबंध दिसला की मागचा क्रमांक लिहिला, की काम झाले.

या क्रमांकांचे महत्त्व पुढे अधिकच वाढले. चाळिशीच्या अखेरीस त्यांची प्रकृती ढासळली, विसरभोळेपणा वाढला आणि काही वर्षे संशोधन जवळपास थांबले. तरी १८४५ मध्ये ते परतले आणि प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे दाखवून दिले. स्मरणशक्तीचा भरवसा उरला नव्हता, पण वहीचा होता. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. ती रोजनिशी पुढे सात खंडांत प्रकाशित झाली.

आजच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

फळ्याचा फोटो, ग्रुपवर आलेली पीडीएफ किंवा सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स यामुळे मजकूर हाती येतो. पण फॅरेडे ज्या टप्प्यावर शिकत होते, तो घरी येऊन पुन्हा लिहिण्याचा टप्पाच त्यात गळून पडतो. त्यांची पद्धत आजही बिनखर्चाची आहे. वर्गात मोजके शब्द लिहावेत, त्याच संध्याकाळी वही पुढे ओढून ते स्वतःच्या वाक्यांत मांडावेत, न समजलेले प्रश्न वेगळ्या पानावर ठेवावेत आणि पानांना क्रमांक द्यावेत. एका तासाच्या लेक्चरला संध्याकाळची वीस मिनिटे दिली, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री परक्या अक्षरातला मजकूर पहिल्यांदा वाचण्याची वेळ येणार नाही.