कावसजी : नव्या नाकाचा धनी

आपल्या मराठी भाषेत मनुष्याची सारी अब्रू नाकावर येऊन बसली आहे. घराण्याचे नाक, नाक वर करून चालणे, चारचौघांत नाक कापले जाणे, हे प्रयोग आपण नित्य करतो. परंतु ज्याचे नाक खरोखरच शस्त्राने छाटले गेले अशा मनुष्याची आठवण आपणांस सहसा होत नाही. असा एक मनुष्य सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यात होता. त्याचे नाव कावसजी. तो ना सरदार होता, ना पंडित. तो फौजेत बैल हाकणारा होता. तथापि आज जगातील कोणत्याही देशात नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहावयास घेतला की कावसजीचे नाव घेतल्यावाचून तो पुढे सरकत नाही. आमच्या ज्ञातीच्या स्मरणिकेत त्याचे चरित्र देण्याचे कारण असे की, त्यास नवे नाक देणारा हात वीट आणि मडके घडविणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या कुंभार समाजाचा, होता असे त्या काळच्या लेखांत स्पष्ट नमूद आहे.

कावसजी हा शेतकरी जातीचा मराठा, असे त्याच्याविषयी लिहिलेल्या पहिल्याच पत्रात म्हटले आहे. नाव मात्र आपल्या कानाला पारशी वाटते, आणि त्यावरून काहींनी त्यास पारशीही ठरविले. आम्हांस विचाराल तर, पत्रलेखकाने जात सांगितली आहे ती सोडून केवळ नावावर भिस्त ठेवणे बरे नव्हे. इंग्रजांच्या कानांनी आपली कितीतरी गावे व माणसे वेडीवाकडी करून ठेविली आहेत.

१७९० साली इंग्रज, पेशवे व निजाम असे तिघे एक होऊन म्हैसूरच्या टिपू सुलतानावर चालून गेले. मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे सेनानी होते. ह्या युद्धाच्या कथा वाचताना तोफांचे व किल्ल्यांचे वर्णन पुष्कळ आढळते. पण तोफ ओढणार कोण आणि दाणा वाहणार कोण? बैल. ज्या फौजेचे बैल मेले ती फौज जागच्या जागी थांबली, हे लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९१ साली श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत जाऊन मागे फिरताना चांगलेच अनुभवले. बैल मेले म्हणून त्यास आपल्या मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून तेथेच टाकाव्या लागल्या. म्हणून शत्रूचा डोळा बैलांवर व ते हाकणाऱ्यांवर असे. कावसजी इंग्रजी फौजेत हेच काम करीत असता टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले आणि एक हातही तोडण्यात आला. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी एकट्या म्हैसूरकरांचीच होती असे मात्र कोणी समजू नये. चोरी, व्यभिचार, फितुरी ह्यांस ती आपल्या देशात अनेक राज्यांत दिली जाई. आणि म्हणूनच नाक सांधणाऱ्यांचे कसबही ह्याच देशात जिवंत राहिले.

अशा स्थितीत कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. १७९२ च्या मार्चमध्ये तह झाला, लढाई संपली, आणि कंपनी सरकारने त्यास निवृत्तिवेतन बांधून दिले. पुढे बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला.

हे बारा महिने कसे गेले असतील ह्याचा विचार करावा. नाक केवळ शोभेसाठी नसते. आपण आत घेतो ती हवा नाकपुडीच्या वळणातून जाताना ऊन होते, ओली होते, तिच्यातील धूळ केसांत व ओलसर अस्तरात अडकते, आणि मगच ती घशात उतरते. नाकाचा पुढचा पडदाच गेला म्हणजे ही सारी व्यवस्था उघडी पडते. आतले अस्तर सुकते, त्यावर खपल्या धरतात, त्या सुटताना रक्त येते. उन्हाळ्यात बैलांच्या खुरांनी उडालेली धूळ थेट आत जाते. हे झाले शरीराचे. लोकांची नजर तर त्याहून वाईट. कारण कापलेले नाक पाहून हा लढाईत पकडला गेला की चोरीत सापडला, हे परक्या गावात कोण विचारीत बसणार? हात तुटलेल्या मनुष्यास लोक दया दाखवितात. नाक कापलेल्याकडे संशयाने पाहतात.

१७९३ च्या मार्चच्या सुमारास, पुण्याजवळ, वीट करणाऱ्या जातीच्या एका गृहस्थाने कावसजीस नवे नाक बसविले. ही क्रिया मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले ह्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली होती, आणि तिचे वर्णन इतके नेमके उरले आहे की आम्ही ते आपल्या शब्दांत सविस्तर देतो.

प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो छाटलेल्या नाकाच्या खुंटावर बसविला व त्यास सुबक नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा काढून सपाट केला आणि कपाळावर ठेविला. त्याच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतील कातडी सोडवून घेतली. परंतु दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न कापता तशीच ठेविली. नंतर जुन्या खुंटावरील व्रण खरवडून ताजा केला, आणि नाकपुड्यांच्या भोवती व वरच्या ओठालगत एक चीर दिली. आता कपाळावरची कातडी खाली आणून तिला अर्धा पीळ दिला, म्हणजे वरची बाजू वरच राहिली, आणि तिची कड त्या चिरेत नीट बसविली. टाक्यांचा उल्लेख कोठेही नाही. खैराचा कात पाण्यात मऊ करून तो कापडाच्या पट्ट्यांवर माखला आणि अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर चिकटविल्या. चार दिवस एवढेच. मग कात काढून तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेविल्या. रोग्यास पाचसहा दिवस उताणे निजविले. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, ते श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून. कारण जखम भरताना आवळत जाते आणि वैद्य बेसावध राहिला तर नाक दिसावयास उत्तम पण आतून बंद, असा प्रकार होतो. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापली आणि थोडी काटछाट करून नाकास शेवटचे वळण दिले.

ह्यात मर्म कोणते, तर ती न कापलेली पट्टी. तिच्यातून कपाळाचे रक्त नव्या नाकास पोचत राहते. कातडी समूळ कापून नाकावर ठेविली असती तर ती चार दिवसांत काळी पडून गळाली असती. खाली नवे रक्त धरू लागेपर्यंत जुने तोडावयाचे नाही. रोपास मूळ धरेपर्यंत त्याच्या मुळाची माती झटकावयाची नाही. पुण्याच्या त्या वीटकर वैद्याने कोणत्या पाठशाळेत रुधिराभिसरण शिकले होते? पण पंचविसावा दिवस त्यास ठाऊक होता. आम्ही लहानपणी सोनईस वडीलधाऱ्यांना चाकाशी बसलेले पाहिले आहे. मडक्याची भिंत किती पातळ झाली हे ते डोळ्यांनी पाहत नसत, बोटाने ओळखीत. सपाट पत्र्यातून गोल वस्तू उभी करणे, ओली वस्तू सुकताना किती आकसेल ह्याचा अंदाज आधीच बांधणे, ही मातीतली विद्या आहे. ती कातडीवर कशी आली ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

भूल देण्याचे औषध तेव्हा निघालेले नव्हते. ईथरचा जाहीर प्रयोग अमेरिकेत १८४६ साली झाला. तेव्हा कावसजीने हे सारे कसे सोसले, ते त्याचे त्यासच ठाऊक.

ह्या विद्येचे मूळ सुश्रुतसंहितेत आहे. तिच्या सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान व नाक सांधण्याचा विधी आला आहे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. सुश्रुत नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन तेवढी कातडी गालावरून उचलावयास सांगतो, आणि श्वासासाठी नव्या नाकपुड्यांत दोन नळ्या ठेवावयास सांगतो. पानाच्या जागी मेण आले, नळ्यांच्या जागी बोळे आले, आणि गालाच्या जागी कपाळ आले. म्हणजे पोथी जशीच्या तशी गिरविली गेली नव्हती. मधल्या शतकांत कोणा अनाम हातांनी ती सुधारून घेतली होती. कपाळाची कातडी जाड, तिचा रंग चेहऱ्यास मिळता आणि तिला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून ही सुधारणा मोठीच म्हटली पाहिजे.

जेम्स वेल्स नावाचा चित्रकार त्या वेळी पुण्यात होता. सवाई माधवराव व नाना फडणवीस ह्यांचे एकत्र चित्र काढणारा तो हाच. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, त्याने कावसजीचे चित्र काढले. पेशव्यांना रंगविणाऱ्या कुंचल्याने एका बैल हाकणाऱ्यास रंगवावे, हा योग त्या नाकानेच आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' ह्या मासिकात त्या चित्राचा ठसा व क्रियेचे वर्णन एका पत्ररूपाने छापून आले. पत्राखाली केवळ दोन आद्याक्षरे आहेत.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने ह्या वर्णनाचा ध्यास घेतला. युरोपातही पूर्वी इटलीतील बोलोन्याच्या ताल्याकोत्सी नावाच्या वैद्याने दंडाच्या कातडीचे नाक करण्याची रीत १५९७ साली छापली होती. पण त्यात रोग्याचा हात कित्येक दिवस तोंडाशी बांधून ठेवावा लागे, आणि ती रीत पुढे विस्मृतीत गेली होती. कार्प्यूने पुण्याची रीत मृत देहांवर करून पाहिली, हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांना विचारले. त्यांत पुणे दरबारचा माजी रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट हाही होता. त्याने कार्प्यूस सांगितले की ही क्रिया हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आली आहे आणि ती कुंभार अथवा वीटकर जातीचेच लोक करतात. अखेर २३ ऑक्टोबर १८१४ रोजी कार्प्यूने आपल्या पहिल्या रोग्यावर ती केली. तो एक लष्करी अधिकारी होता आणि पाऱ्याच्या औषधाने त्याचे नाक झडले होते. क्रिया यशस्वी झाली.

दुसरा रोगी लॅथम नावाचा अधिकारी. १८११ साली स्पेनमधील अल्बुएराच्या लढाईत पलटणीचे निशाण राखताना त्याचे नाक व गाल तलवारीने फाटला आणि एक हात तुटला. हे वाचताना आम्ही थबकलो. नाक गेले, हात गेला, आणि पुण्याच्याच रीतीने नाक परत आले. अगदी कावसजीचीच कुंडली! पण लॅथमच्या शस्त्रक्रियेचा खर्च इंग्लंडच्या युवराजाने सोसला, आणि त्याच्या पलटणीने त्यास सुवर्णपदक दिले. निशाण राखणाऱ्याचा गौरव झाला तो योग्यच झाला. बैल राखणाऱ्यावाचून ते निशाण रणापर्यंत पोचत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

कार्प्यूने १८१६ साली दोन्ही शस्त्रक्रियांचे पुस्तक छापले, आणि हिंदुस्थानचे ऋण त्यात उघडपणे मान्य केले. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफेने ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि ही रीत युरोपभर पसरली. आजही कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गेले असता कपाळाची कातडी उतरवून नाक करतात. त्यात सुधारणा झाल्या आहेत: कातडी भुवईच्या बाजूने उचलतात, आतून अस्तर लावतात, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालून सांगाडा उभा करतात, कारण नुसत्या कातडीचे नाक काही काळाने आक्रसते व बसते. परंतु भुवयांपाशी रक्ताची वाट ठेवणे आणि काही आठवड्यांनी ती तोडणे, हा पाया तोच आहे; आणि शस्त्रवैद्यांच्या भाषेत तिला हिंदी रीत असेच म्हणतात.

आता गणती करून पाहावी. रोग्याचे नाव राहिले. पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची नावे राहिली. चित्रकाराचे राहिले. मेण, कात आणि तूप ह्यांचीही नोंद झाली. ज्याने नाक केले त्याची मात्र जात तेवढी लिहिली. नाव विचारावेसे कोणास वाटले नाही. ह्याचा दोष सर्वस्वी इंग्रजांच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. त्यांनी लिहिले म्हणून तर आपणांस इतके कळले. आपल्याकडे ही विद्या बापाकडून मुलास, तीही घराच्या भिंतीआड, अशी चालत आली. कागदावर ती कोणी उतरविली नाही. जुनागडचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा ह्यांनी आपल्या शंभर शस्त्रक्रियांची हकीकत १८८९ साली छापली, म्हणून त्यांचे नाव राहिले. पुण्याच्या वीटकर वैद्यास कदाचित अक्षरओळखही नसेल. आणि त्या विद्येवर तर त्याचे पोट होते. ती दुसऱ्यास सांगावी कशी?

कावसजीचे उत्तरायुष्य त्या चित्रापाशीच थांबते. नाक आले, हात आला नाही. एका हाताने जू चढविता येत नाही, तेव्हा कंपनीच्या त्या वेतनाचाच त्यास आधार. ठशात त्याच्या चेहऱ्याशेजारी मेणाच्या पत्र्याची आकृतीही काढलेली आहे. उलट्या पानासारखी ती दिसते.

ज्ञातिबांधवांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरात, आजोळी किंवा सोयऱ्यांकडे कोणी वृद्ध जखमेवर काताची पट्टी लावीत असत, हाड बसवीत असत, अथवा नाक-कान सांधण्याविषयी काही ऐकून असत, तर ते सांगतील तसे लिहून घ्यावे आणि स्मरणिकेच्या कार्यालयाकडे धाडावे. सांगणाऱ्याचे नाव व गाव न विसरता लिहावे.