खाणीतील सूर्यशोधक

सूर्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण अहोरात्र बाहेर पडतात आणि सबंध पृथ्वीतून आरपार निघून जातात. त्यांना मोजण्याचे व्रत अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ रेमंड डेव्हिस यांनी घेतले.

डेव्हिस यांचा जन्म १९१४ साली वॉशिंग्टन येथे झाला. आकाशातून येणाऱ्या इतर किरणांचा उपद्रव टळावा, म्हणून त्यांनी होमस्टेक या सोन्याच्या खाणीत सुमारे १,४८० मीटर खोल एक प्रचंड टाकी बसविली. तीत ३,८०,००० लिटर क्लोरीनयुक्त द्रव भरला. न्यूट्रिनो धडकला, की क्लोरीनच्या एखाद्या अणूचा क्वचित आरगॉन होई. असे मोजके अणू ते त्या अथांग द्रवातून वेचून काढीत.

१९६८ साली पहिला निष्कर्ष हाती आला. न्यूट्रिनो अपेक्षेहून फारच कमी निघाले. पुढेही ते एक तृतीयांशच भरत. प्रयोगच चुकला असावा, असे अनेकांना वाटले. डेव्हिस यांनी टाकीत आरगॉनचे अणू मुद्दाम सोडून ते परत मिळवून दाखविले आणि १९९४ पर्यंत मोजणी चालू ठेवली.

अखेर २००१ व २००२ साली कॅनडातील प्रयोगाने कोडे सुटले. न्यूट्रिनो वाटेत रूप पालटतात, आणि डेव्हिस यांची टाकी त्यांचे एकच रूप ओळखत असे. त्यांची मोजणी अचूकच होती! २००२ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००६ साली ते निवर्तले. शंका घेणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर आपल्या कामानेच उत्तर दिले.