लस, पथ्य आणि बापू

हिंगणी (ता. सेलू) : लसीने मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता होते, असं मोबाईलवर फिरतं अन् आईबाप घाबरतात. असाच पेच एकदा महात्मा गांधींपुढेही होता.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेले बापू बॅरिस्टर झाले, पण औषधापेक्षा पथ्यपाण्यावर त्यांचा जास्त भरवसा. १९०२ मध्ये मुंबईत दहा वर्षांचा मणिलाल टायफॉईडने आजारी पडला. डॉक्टरांनी अंडी, कोंबडीचा रस्सा सांगितला. बापूंनी नकार दिला. संत्र्याचा रस अन् ओल्या चादरीचे उपचार केले. पोरगा वाचला, विश्वास पक्का झाला.

देवीची लसही त्यांना पटत नव्हती. १९३० च्या सुमारास साबरमती आश्रमात देवीची साथ आली, लहान मुलं दगावली. बापूंना फार लागलं, पण मत बदललं नाही. १९३६ मध्ये ते आपल्या सेवाग्रामला आले, १९४८ मध्ये गेले.

पुढे देवी देशातून गेली ती लसीमुळेच. सेवाग्रामला त्यांच्याच शिष्या डॉ. सुशीला नायर यांनी दवाखाना वाढवला, मेडिकल कॉलेज काढलं. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा इंग्लंडमधला १९९८ चा लेखही २०१० मध्ये मागे घेतला गेला.

बापूंची माया खोटी नव्हती. पण एक पोरगा बरा झाला म्हणून साथीत सगळीच वाचत नाहीत. शंका असेल तर आशाताईंना, डॉक्टरांना विचारा. लस चुकवू नका.