आईस लिहिलेले पत्र

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कधी कारकुनी, कधी औषधे बनविण्याचे काम करून ते शिकले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. रात्री तो धुवावा व सकाळी तोच अंगात घालावा!

त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणास सरकारदरबारी भरघोस पगार मिळे. मुलाच्या वैभवाची वाट आईने किती वर्षे पाहिली असेल! आगरकरांनी पत्र लिहून तिला ती आशा सोडण्यास विनविले. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी वेचण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनावर शिक्षक झाले. दम्याने शरीर पोखरले, तरी १८९२ साली त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, त्याच पदावर असताना ते निवर्तले.