गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर

आमच्या शिराळ्याहून मिरज काही फार दूर नाही. तेथील तंबोरे व सतारी देशभर जातात, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु त्याच मिरजेत एका थोर गुरूने आयत्या वेळी नवे गाणे रचण्याची विद्या शिष्यांस दिली, हे थोड्यांस ठाऊक असेल. त्यांचे अल्प चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाळकृष्णबुवांचा जन्म 1849 साली इचलकरंजीजवळील चंदूर गावी झाला. त्या काळी ख्यालगायन शिकावयाचे तर उत्तरेस जाणे प्राप्त होते. पदरी पैसाही नव्हता. बुवा धारेस देवजीबुवा परांजपे यांच्याकडे राहिले आणि पुढे ग्वाल्हेरच्या हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांचे शिष्य झाले. विद्येसाठी गुरुगृही कष्ट उपसण्यास त्यांनी कधी कमीपणा मानिला नाही. विद्या संपादून ते परतले. मुंबईत काही काळ काढिल्यावर दम्याच्या विकारामुळे ते मिरजेस आले, व पुढे इचलकरंजी संस्थानाच्या आश्रयास राहिले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यत्वे त्यांसच दिले जाते.

आता ही विद्या शिकवीत कशी, ते पाहू. ख्यालात बंदिश तेवढी ठरलेली असते. आलाप, बोलआलाप, ताना व बोलताना गायकाने त्याच क्षणी रचावयाच्या आणि तालाचे आवर्तन पुरे होताच समेवर अचूक यावयाचे. जे आधी ठरलेलेच नाही, ते शिकवावे तरी कसे? ग्वाल्हेर परंपरेची रीत अशी की, शिष्याने प्रथम स्वर व पलटे घोटावे, एकेका रागातील अनेक बंदिशी कंठस्थ कराव्या, म्हणजे रागाची वाट आपोआप पायाखालची होते. मग तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसावे. गुरू थांबले की सूर धरावा आणि खूण होताच चार आवर्तने स्वतः भरावी. चुकले तर तेथेच कळे. दूर अमेरिकेतील जाझ गायकही ठरलेल्या चालीवर आयत्या वेळी नवी स्वररचना करितात. तेथेही थोरांचे गाणे ऐकून कंठस्थ करणे, हाच पहिला पाठ होय.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931) यांची दृष्टी लहानपणी शोभेच्या दारूने अधू झाली. मिरजेस बुवांकडे शिकून 1896 साली ते बाहेर पडले, आणि 1901 साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यांनी स्वरलिपी रचिली. तीत बंदिश उतरली, पण तिचा विस्तार शिष्याच्या कंठातूनच यावा लागला. औंधचे अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा व गुंडूबुवा इंगळे हेही बुवांचेच शिष्य.

बुवांचे पुत्र अण्णाबुवा गुणी गायक होते. परंतु ते पित्याच्या हयातीतच निवर्तले. पाठोपाठ 1926 साली बुवांनीही देह ठेविला. पुत्राच्या हाती जी विद्या सोपवावयाची, ती शिष्यांच्या हाती राहिली व वाढली.

विद्यार्थिमित्रांनो, पाठांतराचा तुम्हांस कंटाळा येतो, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. परंतु पाठांतर हा मुक्काम नसून उंबरठा आहे. जो तेथेच बसून राहील तो पोपट होईल. जो तो ओलांडण्याचेच टाळील त्यास घरात प्रवेश नाही. बुवांच्या चरित्रातून आम्हांस हाच बोध घ्यावासा वाटतो.