भातखाचरातल्या बगळ्याला शास्त्रीय नाव देणारा कर्नल

भोर-वेल्ह्यात भातखाचराच्या बांधावर एक मातकट पक्षी बसलेला असतो. पटकन दिसतच नाही. उडाला की मात्र पांढरेशुभ्र पंख! हा वंचक, म्हणजेच ढोकरी. त्याला शास्त्रीय नाव कोणी दिलं, माहितीये? खडकीत पेशव्यांविरुद्ध लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने.

विल्यम हेन्री साइक्सचा जन्म 1790 चा. कोवळ्या वयातच तो कंपनीच्या मुंबई सैन्यात आला. पेशवाई बुडाल्यावर, 1824 मध्ये, सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. काम होतं माणसं, पिकं, जमीन मोजायचं. साइक्सने पक्षी, मासे आणि दख्खनच्या काळ्या कातळाचे थरही नोंदवले. राजगड-तोरण्याचे कडे याच कातळाचे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. हे वय तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

1832 मध्ये लंडनमध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. त्यातच वंचकाला 'ग्रेयी' हे नाव मिळालं, तेही ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन ग्रेवरून. बगळा आपला, नाव लंडनच्या साहेबाचं!

साइक्स पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला, खासदार झाला आणि 1872 मध्ये वारला. त्याचं स्वतःचं नाव एका चंडोलाला आहे. तो मात्र भातखाचरात शोधू नका, कोरड्या माळावर जा.